रंगवलेल्या कापडाची किंमत

आम्हाला मोटारगाडीतले काही कळत नाही. पेशाने आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक. आमच्या घराण्यात चारचाकी अशी कधी आलीच नाही. तरीही गेल्या पावसाळ्यात एका स्पोर्ट्स कारची वाजवी किंमत किती, या प्रश्नाने आमची बरेच दिवस झोप उडवली. गाडी शारजात, विकणारा शारजात, घेणाराही शारजात. मधे सापडला आमचा मावसभाऊ, आणि त्याने फोन केल्यामुळे आम्ही.

मावसभाऊ तिथल्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. आमच्या कोकणातल्या मुसलमानांच्या गावांत आखातात माणूस नाही असे घर शोधावे लागते. तोही २०१७ मध्ये गेला. इथे असताना तो मोटारसायकली दुरुस्त करायचा. तिथे जाऊन इंजिनाची ताकद वाढवून देणारा कारागीर झाला. आम्ही वयाने चार वर्षांनी मोठे, शिवाय बी.एड. झालेले, म्हणून काही अडले की इशाच्या नमाजीनंतर त्याचा फोन येतो. या वेळी तो म्हणाला, "भाई, तुम्ही शिकलेले. एका गाडीची किंमत सांगा."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

गाडी निसान ३५० झेड, २००५ सालची. हे मॉडेल २००२ मध्ये बाजारात आले. दोनच माणसे बसणारे, साडेतीन लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, अमेरिकेत ती आली तेव्हा ताकद २८७ अश्वशक्ती. कारखान्यातून निघताना तिला टर्बो नसतो. आताच्या मालकाने ती २४ हजार दिरहमला घेतली आणि तीन वर्षांत तिच्यात ५८ हजार घातले. टर्बो बसवला, मोठे इंजेक्टर, इंटरकूलर, दणकट क्लच, नवे सस्पेन्शन, ब्रेक, चाके, सायलेन्सर. आणि शेवटी इंजिन चालवणाऱ्या संगणकाची मांडणी नव्याने करून घेतली. सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये. निम्म्याहून जास्त काम आमच्या मावसभावाच्या हातचे. आता मालकाला मोठी, कुटुंबाची गाडी हवी होती. तो ६० हजार मागत होता. म्हणत होता, ८२ हजार गेलेत, २२ हजारांची खोट खाऊन देतोय, अजून काय पाहिजे?

घेणारा आमच्याच पंचक्रोशीतला, सव्वीस वर्षांचा, एअर कंडिशनिंगच्या कामावर. दोन-अडीच वर्षांची शिल्लक त्याने या गाडीसाठी ठेवलेली. त्याने घासाघीस केलीच नाही. मावसभावाला म्हणाला, "दादा, तुझ्या हातची गाडी. तू बोलशील तेवढे देतो." आणि मालकाने मावसभावाला सांगून ठेवले होते, सौदा झाला की दोन हजार तुझे.

इथपर्यंत आमच्या मते प्रश्न हिशेबाचा होता. आम्ही म्हणालो, दोघांच्या मधला आकडा काढ. मग तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "भाई, एक सिलिंडर कमी आहे."

टर्बो म्हणजे काय हे त्याने आम्हाला असे समजावले. इंजिनातून बाहेर जाणारा गरम वायू फुकट जातो. त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, त्या पंख्याने दुसरा फिरवायचा आणि जास्तीची हवा इंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. पण ते सोसायला आतले लोखंड तसे हवे. या इंजिनाचे पिस्टनला जोडलेले रॉड टर्बोच्या हिशेबाने केलेले नाहीत, आणि या गाडीत ते मूळचेच होते. इंजिन उघडून ते बदलायचा खर्च मालकाने वाचवला होता. त्यातून दोन उन्हाळ्यांपूर्वी मालकाने दुसरीकडे कुठे तरी हवेचा दाब आणखी वाढवून घेतला आणि इंजिन ठोकू लागले. स्फोट वेळेच्या आधी झाला की पिस्टनवर हातोडा बसल्यासारखे होते. गाडी परत आली तेव्हा मावसभावाने दाब मोजला. पाच सिलिंडरांत जवळपास सारखा, सहाव्यात पंचवीस-तीस पौंडांनी कमी. गाडी चालते. जोरात चालते. एक वर्ष चालेल, कदाचित चारही. किंवा एखाद्या दुपारी रॉड मोडून इंजिनाला भोक पाडील. मालक तेव्हा म्हणाला होता, ही गोष्ट तुझ्या-माझ्यात.

त्या फाइलमध्ये सगळ्या पावत्या होत्या. दाब मोजल्याचा कागद तेवढा नव्हता.

आता सांगा, किंमत किती?

साध्या गाडीला हा प्रश्न पडत नाही. तशाच दहा गाड्या बाजारात असतात. वर्ष पाहा, किलोमीटर पाहा, आकडा आसपास निघतो. आमच्या आजोबांच्या कपाटात हिदायाचा उर्दू तर्जुमा आहे. आम्ही कोकणातले शाफई आणि ग्रंथ हनफींचा. आजोबांना तो कुठून मिळाला ठाऊक नाही, पण ते वाचत आणि वाद घालत. बाराव्या शतकात फरगाण्यातल्या मरगीनानीने लिहिलेला हा ग्रंथ १७९१ मध्ये इंग्रजीतही आला, कारण कंपनीच्या न्यायाधीशांना त्याची गरज होती. फिकहच्या या ग्रंथांत वस्तूंचे दोन प्रकार केलेले असतात. मिस्ली म्हणजे जिच्यासारखी दुसरी मिळते ती: गहू, तांदूळ. कीमी म्हणजे जिच्यासारखी दुसरी नाही: जनावर, घर. पहिलीची भरपाई तशीच वस्तू देऊन करावी, दुसरीची किंमत ठरवून. आम्हाला वाटते, कारखान्यातून निघालेली गाडी मिस्ली असते आणि तिच्यात पहिला पाना घातला की ती हळूहळू कीमी होऊ लागते. तिच्यासारखी दुसरी उरत नाही, आणि बाजार आपले बोट सोडून देतो.

याच ग्रंथात आम्हाला एक प्रसंग सापडला, आणि तो वाचून आम्ही रात्री साडेबाराला मावसभावाला फोन केला. कोणी दुसऱ्याचे कापड बळकावले आणि ते रंगवले, तर काय? मालकाला दोन वाटा आहेत. पांढऱ्या कापडाची किंमत घ्यावी आणि कापड सोडून द्यावे. किंवा रंगवलेले कापड घ्यावे आणि रंगाने जेवढी वाढ झाली तेवढे रंगवणाऱ्याला द्यावे. शारजातल्या गाडीत कोणी काही बळकावलेले नाही, हे खरे. मालकाने स्वतःचेच कापड रंगवले. पण शब्द नीट पाहा. रंगाला जेवढा खर्च आला तेवढे नव्हे. रंगाने जेवढी वाढ झाली तेवढे. ५८ हजारांच्या पावत्यांची फाइल या एका वाक्यापुढे एकदम पातळ वाटू लागते. पावत्या हा रंगाचा खर्च. मालकाने तीन वर्षे ती गाडी चालवली, मित्रांना दाखवली, रात्री रिकाम्या रस्त्यावर पळवली. त्याच्या खर्चातला बराचसा त्याने तिथेच वसूल केला. वापरून संपवलेली हौस दुसऱ्याला विकता येत नाही.

पण मसला तिथे संपत नाही, आणि खरी गोडी पुढेच आहे. लाल रंगाने कापडाची किंमत वाढते हे सगळ्यांना मान्य. काळ्याचे काय? इमाम अबू हनीफांच्या मते काळा रंग हे नुकसान; कापड बिघडले. त्यांचे दोन्ही शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, म्हणतात, काळाही रंगच, त्यानेही वाढच होते. आणि यावर एक खुलासा असा दिलेला आहे की हा मतभेद दलिलीचा नाही, काळाचा आहे. अबू हनीफांचे बहुतेक आयुष्य उमय्या खलिफांच्या राज्यात गेले. तेव्हा काळ्याला मान नव्हता. ७५० मध्ये अब्बासी आले, त्यांचा रंगच काळा, आणि शागिर्दांच्या काळात काळे कापड प्रतिष्ठेचे झाले. कापड तेच, रंग तोच, रंगारीही कदाचित तोच. वाढ की नुकसान, हे बाहेर ठरले.

हे वाचल्यापासून आम्हाला प्रत्येक बदललेल्या गाडीत काळे कापड दिसते. टोयोटाच्या सुप्रा नावाच्या गाडीचे पाहा. १९९४ सालची, जवळजवळ जशीच्या तशी राहिलेली, जेमतेम अकरा हजार मैल चाललेली एक सुप्रा मार्च २०१९ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १,७३,६०० डॉलरला गेली. तिचे मोल असे की तिला कोणी हात लावला नव्हता. आणि त्याच सालच्या, नारिंगी रंगवलेल्या, चित्रे काढलेल्या, मागे भलामोठा पंख लावलेल्या दुसऱ्या सुप्राला जून २०२१ मध्ये साडेपाच लाख डॉलर आले. ती २००१ मधल्या 'द फास्ट अँड द फ्युरियस' या चित्रपटात वापरलेली गाडी होती. तसाच पंख, तोच नारिंगी रंग एखाद्या पोराने आपल्या सुप्रावर चढवला, तर घेणारा आधी तो काढायचा खर्च मोजील. आपल्याकडे तर राज्यच रंग ठरवते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले की कारखान्याने दिलेल्या मूळ मापापासून फारकत घेणारा बदल वाहनात चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. म्हणजे शारजातली ती गाडी उद्या रत्नागिरीत आणली तर तिचा टर्बो काळा. शारजातही परवानगी नसेल तर काळाच. तिथे दरवर्षी गाडीचे पासिंग असते, आणि पासिंगच्या आठवड्यात टर्बो उतरवून मूळचे भाग चढवायचे आणि पुढच्या आठवड्यात परत टर्बो, हे मावसभावाचे ठरलेले काम.

मावसभाऊ हे सगळे ऐकून म्हणाला, "भाई, काळा-लाल राहू द्या. कापडाला आतून भोक आहे, ते सांगू की नको?"

तो आमच्यापेक्षा लवकर मुद्द्यावर आला. रंगाचा वाद आवडीचा आहे, भोकाचा नाही. आवडीपुरते बोलायचे तर त्या पोराला लाल वाटत असेल तर साठ काय, सत्तर हजारही वाजवी म्हणता येतील. आपण कोण सांगणारे? पण आवड ठरवायला वस्तू काय आहे ते आधी माहीत हवे. तो पोरगा सहा सिलिंडरांची गाडी आवडून घेत होता. सव्वापाच सिलिंडरांची गाडी त्याला आवडली असती की नाही, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

तेराव्या शतकातला ख्रिस्ती पंडित थॉमस अक्वायनस या बाबतीत आमच्या फकीहांच्या फार जवळ येतो. दोष उघड दिसत असेल तर तो ओरडून सांगायची गरज नाही, पण लपलेला असेल तर विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असे तो म्हणतो. त्याची दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त पटली. वस्तू दिल्याने विकणाऱ्याचे खरोखर नुकसान होत असेल तर तेवढे त्याने जास्त घ्यावे. पण केवळ घेणाऱ्याला तिची फार गरज आहे म्हणून जास्त घेऊ नये, कारण ती गरज विकणाऱ्याच्या मालकीची नाही. पोराच्या डोळ्यांत जी चमक होती ती मालकाच्या फाइलमधली पावती नव्हती.

मालकाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. अमेरिकेतल्या जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता आणि २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की विकणाऱ्याला गाडीचे आतले माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना संशयाचा भाव देतो, आणि त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. बदललेल्या गाड्यांच्या बाबतीत हा संशय दुप्पट. ज्याने रॉडसुद्धा बदलले, प्रत्येक काम जाणत्याकडून करून घेतले, त्यालाही भाव मिळतो तो भोंदूंच्या रांगेतलाच. प्रामाणिक माणूस परक्यांच्या खोटेपणाचा दंड भरतो. हा अन्याय आहे आणि त्यावर एखादा आकडा सांगून उपाय होत नाही. पण आपला हा मालक त्या रांगेत चुकून उभा नव्हता.

तेव्हा आम्ही मावसभावाला सुनावले. अगदी वर्गात सुनावतो तसे. पोराने किंमत ठरवायचे काम तुझ्यावर टाकले, म्हणजे तू आता मेकॅनिक राहिला नाहीस, अमीन झालास. अमानतीत खयानत म्हणजे काय, हे तुला आम्ही सांगायला हवे का? मालकाला दिलेला शब्द गाडी दुरुस्त करण्यापुरता होता, दुसऱ्याला फसवण्यापुरता नाही. आधी दोन हजार नाकार, मग तोंड उघड. आमचे वाक्यामागून वाक्य असे सरळ चालले होते.

तो म्हणाला, "भाई, तुमची मोटारसायकल मीच उघडली होती."

आम्ही गप्प झालो.

२०१६ मध्ये आम्ही आमची मोटारसायकल शाळेतल्या शिपायाला विकली. तिच्या मीटरची केबल तुटली होती, ती आम्ही दीड वर्ष टाकलीच नाही. गाडी रोज शाळेला जाऊन येत होती आणि मीटर अडतीस हजारांवर उभा होता. विकायच्या आधी केबल टाकली. त्याच्याही आधी इंजिन धूर मारू लागले म्हणून बोअर मारून मोठा पिस्टन घातला होता. आता बोअर मारणे हा लाल रंग की काळा? आत पिस्टन नवा, म्हणजे वाढ. पण सिलिंडर कापून कापून किती कापणार; एक आयुष्य वापरले, म्हणजे नुकसान. आम्ही यातले काहीच त्याला सांगितले नाही. विचारले असते तर खोटे बोललो नसतो, अशी मनाची समजूत घातली होती. तो कशाला विचारील? सरांची गाडी होती. आणि ज्या पोराने ती उघडली, बोअर मारून आणला, केबल टाकली, तो आमच्या अंगणात उभा राहून सौदा होताना पाहत होता, आणि आमच्या इज्जतीखातर गप्प राहिला. गिऱ्हाइकाची गोष्ट पोटात ठेवायचा पहिला धडा त्याने शारजात घेतला नव्हता.

त्या रात्री फोन कोणी आधी ठेवला ते आठवत नाही.

पुढे त्याने काय केले तेही सांगतो. त्याने दोष सांगितला नाही. पोराला एवढेच म्हणाला की किंमत मी सांगणार नाही, आणि एका कागदावर लिहून दिले: दुसऱ्या गॅरेजात जा, सहाही सिलिंडरांचा दाब मोजून आण, रॉड मूळचे आहेत का विचार. हे पुरेसे होते का, यावर आमचे अजून एकमत नाही. दोन्ही शब्द राखले, असे त्याचे म्हणणे. आम्हाला वाटते, खरे बोलायचे काम त्याने दुसऱ्या गॅरेजावर ढकलले. पण हे म्हणताना आमचा आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

पोराने दाब मोजून घेतला आणि ३० हजार देऊ केले. आमच्या मते तो आकडा वाजवी होता. पांढऱ्या कापडाची किंमत, ब्रेक आणि सस्पेन्शनने झालेली थोडी वाढ, आणि भोकाची वजावट. मालक चिडला. त्याने गाडी परत मावसभावाच्या गॅरेजात आणली आणि सगळे उतरवायला लावले. टर्बो वेगळा विकला, चाके वेगळी, क्लच वेगळा. सुट्या भागांचे त्याला गाडीपेक्षा जास्त आले. मूळचे भाग परत चढले. गाडी आता बाहेरून अगदी कारखान्यातल्यासारखी, धुऊन पांढरी केलेली. सव्वीस हजारांना दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाला गेली. साध्या गाडीवर संशय घ्यायचे कारण नसते, म्हणून त्याने दाब मोजला नाही. भाग मावसभावानेच चढवले. त्याने फोनवर हे सांगितले तेव्हा आम्हाला काही बोलता आले नाही, आणि त्यानेही या वेळी काही विचारले नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी आम्ही हिशेब करून दीड हजार रुपये पाकिटात घातले आणि शिपायाला गाडीपाशी गाठले. मीटरचे सांगितले. तो हसला. म्हणाला, "सर, ते तर घेतानाच कळलं होतं. अडतीस हजारांत फुटरेस्टचं रबर एवढं झिजत नाही. म्हणून तर मी दीड हजार कमी केले होते." आम्हाला त्या वेळी वाटले होते की गरीब माणूस आहे, घासाघीस करतोय, आणि आम्ही मोठ्या मनाने सोडले होते.

पाकीट त्याने घेतले नाही. किक मारायला पाय उचलला आणि थांबला. "दुसरं काही होतं का, सर?"

आम्ही बोअरचे सांगितले. त्याने पाय खाली घेतला, आणि वाकून इंजिनाकडे पाहू लागला.